बोस्टनचं इटालियन देऊळ आणि माझा हरवलेला चष्मा

बोस्टनला गेले ती नातीसाठी. लेक-जावई शहराच्या उत्तरेला मॉल्डनला राहतात. ऑगस्टमध्ये पाळणाघर बंद, दोघांच्या रजा संपलेल्या, म्हणून वसईहून आजीची मागणी आली. तीन आठवडे पेज, लंगोट आणि अंगाईत गेले. मग एका संध्याकाळी लेक म्हणाली, “आई, ऑगस्टचा शेवटचा शनिवार-रविवार आलाय. नॉर्थ एंडला संत अंतोनीचा सण असतो. तू जा, बाळाला आम्ही बघतो.”

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय आणि जन्मापासून वसईची कॅथलिक आहे. सण म्हटला की माझे पाय चपला शोधायला लागतात. शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस रोज सकाळी मॉल्डनहून ऑरेंज लाइनच्या गाडीत बसायचं, हेमार्केटला उतरायचं आणि रात्री परत यायचं, असं ठरलं. नॉर्थ एंड म्हणजे बोस्टनची जुनी इटालियन वस्ती. तिथे गाडी घेऊन जाण्याचा विचारही करू नका. गल्ल्या आमच्या वसईच्या पाखाड्यांसारख्या अरुंद आहेत, आणि पार्किंगच्या जागा रहिवाशांना राखून ठेवलेल्या असतात.

शुक्रवार

हेमार्केट स्टेशनातून वर आले आणि आधी बाजारातच अडकले. शुक्रवारी-शनिवारी इथे रस्त्यावर भाजी-फळांचा बाजार भरतो. ओरडणं, पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेले भाव, खालचं नरम फळ हळूच पिशवीत सरकवणं, सगळं ओळखीचं. “हात लावू नका” असं एका गाड्यावर लिहिलं होतं. मी लावला. ओरडा बसला. वसई स्टेशनबाहेर माझ्या हाताला कोणी कधी अडवलं नसतं. एके काळी हे गाडेवाले बहुतेक इटालियन असायचे. आता त्यांच्यात निरनिराळ्या देशांचे चेहरे दिसतात.

बाजार ओलांडला की एक लांबच लांब बाग लागते. आधी इथे बाग नव्हती, उंच खांबांवरून जाणारा हमरस्ता होता. १९५०च्या दशकात तो बांधला आणि नॉर्थ एंड उरलेल्या शहरापासून तुटलं. पुढे तो रस्ता प्रचंड खर्च करून जमिनीखाली नेला आणि वर बाग केली. बागेला नाव दिलंय रोझ केनेडी यांचं, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या आईचं. ही बाई पुढे या हकिकतीत परत भेटणार आहे.

पलीकडे हॅनोव्हर स्ट्रीट. लाल विटांच्या चार-पाच मजली इमारती, प्रत्येकीच्या पुढ्यात लोखंडी जिना, खाली हॉटेल, हॉटेलाशेजारी हॉटेल, आणि मधूनच कॉफी भाजल्याचा वास. पदपथावर लाल विटांची एक रेघ जाते. तिच्यावरून चालणारे पर्यटक खाली बघत चालतात, त्यामुळे अंगावर आदळतात. ती स्वातंत्र्ययुद्धाच्या जागा दाखवणारी रेघ. मला हवं असलेलं देऊळ (आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो) तिच्या इतक्या जवळ आहे की माना वर केल्या तर सगळ्यांना दिसावं.

प्रिन्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर संत लिओनार्ड ऑफ पोर्ट मॉरिसचं देऊळ. १८७३ साली इटालियन स्थलांतरितांनी स्थापन केलेलं, न्यू इंग्लंडमधलं पहिलं इटालियन देऊळ. बाहेरून साधं, विटांचं. शेजारी भिंतीआड छोटी बाग आहे, ‘पीस गार्डन’, व्हिएतनामचं युद्ध संपलं तेव्हा केलेली. गुलाब, मूर्ती, बाकं. मी तिथे बसून डबा उघडला, भाजी-पोळी खाल्ली. कोणी काही म्हटलं नाही. समोरच्या बाकावर एक मुलगी लॅपटॉपवर काम करत होती आणि संत फ्रान्सिसच्या पायाशी एक चिमणी लोळत होती.

आत गेले आणि थबकले. बाहेर विटा आणि आत रंगच रंग. छतावर चित्रं, खांबांवर सोनेरी वेलबुट्टी, प्रत्येक कोनाड्यात कोणी ना कोणी संत उभा. २०१७ साली मोठी डागडुजी करून देऊळ पुन्हा उघडलं, त्यामुळे रंग ताजे आहेत. माझ्या मागून आलेलं एक जोडपं कुजबुजलं, “जरा जास्तच आहे, नाही?” मला मुळीच जास्त वाटलं नाही. गरीब माणसाच्या घरात मोकळी भिंत भरपूर असते. देवळात ती कशाला सोडायची?

संत लिओनार्डबद्दल थोडं सांगते, कारण त्यांचं काम आपण सगळे दर उपवासकाळात करतो, फक्त नाव घेत नाही. हे लिगुरियातल्या पोर्तो माउरीत्सिओ गावचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू, १६७६ ते १७५१. क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसयात्रेतल्या चौदा प्रसंगांपाशी थांबत करायची प्रार्थना, गावोगाव पोहोचवण्यात त्यांचा फार मोठा हात. पाचशेहून अधिक ठिकाणी त्यांनी ती स्थापन केली, आणि १७५० साली थेट रोमच्या कलोसियममध्ये चौदा स्थानकं मांडली. १८६७ साली ते संत घोषित झाले. त्याच्या पाचच वर्षं आधी, १८६२ला, आणखी एक फ्रान्सिस्कन संत झाले होते: आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया, १५९७ साली नागासाकीत क्रूसावर मारले गेलेले. बाकावर बसून मनात हे हिशेब करत होते. पोर्तो माउरीत्सिओचे संत बोस्टनच्या वेशीवर, वसईचे संत जपानात. घर सोडलेल्यांची मोठी बिरादरी आहे ही.

दानपेटीत दोन डॉलर टाकले, मेणबत्ती लावली, आणि आठच्या आत घरी. नात जागी होती.

शनिवार

आज ठरवून तीन देवळं. आधी हॅनोव्हर स्ट्रीटवरच पुढे असलेलं संत स्टीफनचं. आर्किटेक्ट चार्ल्स बुलफिंच यांनी बांधलेलं हे १८०४ सालचं देऊळ. बोस्टनमध्ये त्यांनी बांधलेल्या देवळांपैकी आज एवढंच उभं आहे. मुळात ते प्रॉटेस्टंट. वस्तीत आयरिश कॅथलिक वाढले आणि १८६२ साली ते कॅथलिक झालं. पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून अख्खं देऊळ उचलून काही फूट मागे सरकवलं. आमच्याकडे रस्ता रुंदीला रस्त्याकडेचा क्रूस दोन हात हलवायचा म्हटला तरी ग्रामसभा तीनदा भरते.

आतून ते संत लिओनार्डच्या अगदी उलट. पांढऱ्या भिंती, साध्या काचा, ऊन सरळ आत येतं. रोझ केनेडी यांचा बाप्तिस्मा १८९० साली इथे झाला आणि १९९५ साली त्यांचा अंत्यविधीही इथेच. एकशे चार वर्षांचं आयुष्य, आणि सुरुवात नि शेवट एकाच उंबऱ्यावर. मधल्या काळात मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला आणि गोळीला बळी पडला.

प्रश्न पडतो तो असा: चार पावलांवर कॅथलिक देऊळ असताना इटालियनांना वेगळं देऊळ कशाला लागलं? उत्तर सगळ्या अमेरिकेत जवळपास सारखंच आहे. आयरिश लोक आधी आले, इंग्रजी बोलत होते, धर्मगुरू त्यांचे होते. मागून आलेले इटालियन त्यांना गबाळे, नवसावर नाचणारे, दानपेटीत काही न टाकणारे वाटत. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये तर माउंट कार्मेलच्या मातेचं देऊळ इटालियनांच्याच घामातून उभं राहिलं, आणि त्यांची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, मात्र तळघरात. त्यांची माउलीची मूर्ती वरच्या वेदीवर आली ती १९१९ साली. एकच धर्म, एकच लॅटिन मिस्सा, आणि तरी कोणी वर, कोणी खाली. भारतात वाढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि इटालियन तरी एक होते का? नॉर्थ एंडमध्ये आधी आले जेनोव्हाकडचे, मग नेपल्सच्या आसपासचे, मग सिसिलीचे. गल्ल्याही वाटून घेतलेल्या. संत लिओनार्डच्या कारभारावरून काहींचं बिनसलं. देवळाची मालमत्ता आपल्या मंडळाच्या नावावर असावी, असं त्यांचं म्हणणं. आर्चबिशप ऐकेनात. मग सान मार्को नावाच्या त्यांच्या मंडळाने १८८४ साली नॉर्थ स्क्वेअरमधलं खलाशांचं जुनं प्रार्थनाघर विकत घेतलं आणि तिथे आपलं ‘सेक्रेड हार्ट’ थाटलं. पुरोहित मिळायला आणि वरून मान्यता यायला काही वर्षं गेली. दोन देवळांमधलं अंतर चालत तीन मिनिटं. हे वाचून वसईकर हसतील, कारण अशी तीन-तीन मिनिटांची भांडणं आपल्यालाही ठाऊक आहेत.

सेक्रेड हार्टचं दार बंद होतं. पायरीवर बसून पाणी प्यायले, समोर स्वातंत्र्ययुद्धाचा नायक पॉल रिव्हिअर याचं लाकडी घर आणि पर्यटकांची रांग. ओल्ड नॉर्थ चर्चही बाहेरूनच बघितलं. १७७५ साली त्याच्या मनोऱ्यात दोन कंदील लावून इंग्रज सैन्य पाण्यावरून येतंय, असा इशारा दिला, ती जागा. आत जायला तिकीट आहे आणि इतिहास मला पाठ आहे.

जेवणाची गोष्ट मात्र सविस्तर. हॅनोव्हर स्ट्रीटवर ‘गॅलेरिया उंबेर्तो’ म्हणून जुनी खाणावळ आहे. फक्त दुपारची उघडते, रविवारी बंद, रोख पैसे लागतात, आणि माल संपला की दुकान संपलं. अकराच्या ठोक्याला रांगेत उभी राहिले. पुढे पोस्टमन, मागे दोन बांधकाम मजूर. चौकोनी जाड पिझ्झाचा तुकडा आणि एक अरांचिनो, म्हणजे भाताचा तळलेला गोळा, आत खिमा, वाटाणे आणि चीज. आकार आपल्या मोठ्या बटाटेवड्याचा, वजन नारळाचं. दोन्ही मिळून बोस्टनमध्ये कॉफी जितक्याला पडते, जवळपास तितक्यालाच. हॅनोव्हर स्ट्रीटच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या हॉटेलांत मी एकदाही गेले नाही आणि त्याचं दुःख नाही.

गोडासाठी कनोली. तळलेली नळी, आत गोड रिकोटा चीज. करंजीचं सारण बाहेरून भरता आलं असतं तर अशी झाली असती. एक सूचना: नळ्या आधीच भरून ठेवलेल्या असतील तर पुढच्या दुकानात जा. सारण डोळ्यांदेखत भरून देतात तीच घ्या, नाहीतर नळी मऊ पडलेली असते. एका प्रसिद्ध दुकानापुढे पन्नास-साठ माणसांची रांग होती. दोन दारं पुढे, रांग नसलेल्या दुकानात मला घेतल्या घेतल्या मिळाली, आणि नळी कडकडीत होती.

दुपारी बॅटरी स्ट्रीटजवळ चालताना दोन इमारतींमधली एक बोळ दिसली आणि पाय थांबले. बोळ म्हणजे माणूस आडवा झाला तर संपेल एवढी. दोन्ही भिंतींवर छतापर्यंत संतांच्या तसबिरी, पुतळे, पदकं, प्रार्थनेची कार्डं, शेकड्यांनी. कोणा एका रहिवाशाने आयुष्यभर जमवलेलं. लोखंडी दार बंद असलं तरी गजांतून सगळं दिसतं. नाव लिहिलंय ‘ऑल सेंट्स वे’. मी चष्मा नाकावर चढवून ओळखीचे चेहरे शोधत होते. पादुआचे अंतोनी सतरा वेळा मोजले. गोन्सालो गार्सिया दिसले नाहीत. पुढच्या खेपेला एक कार्ड घेऊन जाणार आहे, गजांतून आत सरकवायला.

तेवढ्यात पाऊस आला. न्यू इंग्लंडचा ऑगस्ट दुपारपर्यंत माणसाला उकडतो आणि मग एकदम बादली उपडी करतो. सगळे पर्यटक पळाले. मीही पळाले, एका छपराखाली, तिथून संत लिओनार्डमध्ये. पदराने तोंड पुसलं (हो, साडी नेसून गेले होते, सण आहे म्हटल्यावर), अर्धा तास बसले, पाऊस थांबला तशी निघाले. मॉल्डनच्या गाडीत पेपर उघडला आणि कळलं, चष्मा नाही. पर्समध्ये नाही, पिशवीत नाही. वसईच्या चष्मेवाल्याकडून घेतलेला, जाण्याआधी नवा कोरा.

लेक म्हणाली, “हरवलेल्या वस्तूंचा संत कोण गं?”

“अंतोनी.”

“मग उद्या त्यांचीच मिरवणूक आहे. सांग त्यांना.”

रविवार

सकाळी संत लिओनार्डमध्ये मिस्सा. मिस्सेच्या वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी दारावरचा फलक बघून ठेवा. आणि मिस्सा चालू असताना देऊळ बघायला आत शिरू नका. त्या दिवशी चार-पाच जण फोन उंचावून मधल्या वाटेने आले आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना नुसत्या नजरेने बाहेर काढलं. प्रार्थनेची पुस्तिका मला चष्म्याशिवाय दिसेना. पण मिस्सेला पुस्तक लागत नाही. उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, हे जगभर तेच.

बारा वाजता एंडिकॉट स्ट्रीटवरच्या छोट्या चॅपेलमधून संत अंतोनीची मूर्ती बाहेर आली. हा सण १९१९पासून चालतो. नेपल्सच्या पूर्वेला, आवेलिनो प्रांतात मोंतेफाल्चोने नावाचं डोंगरी गाव आहे. तिथून आलेल्या लोकांनी तो सुरू केला. गावाकडे जो संत, तोच इथे. मूर्ती लाकडी पाटावर, पाटाला दांडे, दांड्यांना खांदे देणारे वीस-पंचवीस पुरुष एकसारख्या शर्टात. पुढे ब्रास बँड. बँडने पहिला सूर लावला आणि माझ्या घशाशी आलं. ट्रम्पेट जरा बेसूर, ढोल जरा पुढे, हुबेहूब आमच्या सणाचा बँड.

मिरवणूक रात्री दहापर्यंत चालते, खरंच दहा तास. ती प्रत्येक गल्लीत जाते, प्रत्येक नवसकऱ्याच्या दारी थांबते. मूर्तीच्या अंगावरून लांब फिती सोडलेल्या असतात आणि लोक त्यांना डॉलरच्या नोटा टाचण्यांनी लावतात. दुपारी तीनपर्यंत संत नोटांनी हिरवे झाले होते. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून टोपल्या दोरीने खाली येतात, त्यात पाकिटं असतात. एका खिडकीतून कागदाच्या कपट्यांचा पाऊस झाला आणि खाली एका मुलाने आयस्क्रीममधून तो चमच्याने काढून बाजूला केला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खाण्याचे ठेले. सॉसेज आणि ढोबळी मिरची तव्यावर, कच्चे शिंपले बर्फावर, वर लिंबू. तिसऱ्या (आपल्याकडचे शिंपले) मी शिजवूनच खाल्ल्यात आजवर. एक गिळून बघितला. समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं, पण वाईट नाही. झेपोले मात्र बघताच ओळखले. आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. आपले फुगे! आपण ते डुकराच्या मांसाच्या इंदलाबरोबर खातो, हे वरून पिठीसाखर भुरभुरवतात, एवढाच फरक. सहा खाल्ले.

प्रिन्स स्ट्रीटवर सावलीत घडीच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. माझ्या साडीकडे बघून त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची थोपटली. “बस, पाय दुखत असतील.” खुर्ची त्यांच्या बहिणीची. ती दोन वर्षांपूर्वी गेली, पण खुर्ची अजून आणतात.

समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा जन्म. आठ भावंडं, दोन खोल्या, न्हाणीघर जिन्यात. ही वस्ती एके काळी चाळीस हजारांवर गेली होती, त्यांतले बहुतेक इटालियन. आता माणसं दहा हजारांच्या आसपास, आणि इटालियन किती हे आजींच्या भाषेत, “मोजायला एक हात पुरेल.” त्या स्वतः १९६० नंतर मेडफर्डला गेल्या. कोणी रिव्हिअरला गेलं, कोणी सॉगसला. मुलांना अंगण हवं होतं, गाडी हवी होती. मग हमरस्ता पाडला, बाग झाली, भाडी आकाशाला भिडली. आज त्यांच्या जन्मखोलीत राहणारा तरुण बँकेत आहे. “चांगला मुलगा आहे. मला शौचालय वापरू देतो.”

“मग मिरवणुकीत नाचणारे हे सगळे?”

“मेडफर्ड. सॉगस. पीबडी. न्यू हॅम्पशायर. संध्याकाळी गाड्या बघ ना.”

मी त्यांना चष्म्याचं सांगितलं. त्या खूप हसल्या. लहानपणी आईने शिकवलेली इंग्रजी यमकाची प्रार्थना म्हणाल्या, ज्यात संताला चक्क ‘टोनी’ म्हणतात आणि जरा इकडेतिकडे बघ, हरवलंय ते शोधून दे असं बजावतात. मी म्हटलं, आमच्याकडेही लोक त्यांना असंच खडसावतात. मग मूर्ती आमच्यासमोर थांबली. आजी उठल्या, माझा दंड धरून चालल्या, वीसची नोट टाचली. मी पाचची लावली. पर्समध्ये शंभर रुपयांची एक नोट होती, तीही लावली. खांदेकऱ्याने ती उलटून बघितली. “गांधी?” मी मान हलवली. “ओके,” म्हणाला, आणि पाट उचलला.

आजींनी एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्या आईची. ऑगस्ट १९२७. सॅको आणि व्हान्झेत्ती या दोन इटालियन अराजकवाद्यांना खुनाच्या आरोपावरून इथे विजेच्या खुर्चीत मारलं. खटला न्यायाने झाला नाही, असं जगभर लोक म्हणत होते. याच हॅनोव्हर स्ट्रीटवरच्या एका अंत्यसंस्कारगृहात त्यांचे देह ठेवले होते आणि हजारो माणसं दर्शनाला आली होती. आईने मांडीवरच्या मुलीला घेऊन रांग लावली होती. “ती देवाला मानणारी, ते दोघे न मानणारे. पण आडनावं आपली होती ना.” पन्नास वर्षांनी, १९७७ साली, राज्याच्या गव्हर्नरनी खटला अन्यायाचा होता असं जाहीर केलं. तोवर त्या आई नव्हत्या.

एक टीप द्यायची राहिली: दहा तास उभं राहायचं नसेल तर घडीची खुर्ची न्या, कोणी हरकत घेत नाही. मासेमाऱ्यांचा सण बघायचा असेल तर मात्र ऑगस्टच्या मध्यावर जा. तो सिसिलीतल्या शाक्का गावच्या कोळ्यांचा, १९१०पासूनचा. त्यात एका लहान मुलीला देवदूत करून दोरीवरून रस्त्यावर उडवतात आणि समुद्राला आशीर्वाद देतात. वसईतल्या पाचूबंदरच्या कोळ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना दोरीत जास्त रस होता. कशी बांधतात?

रात्री दहा वाजता मूर्ती एंडिकॉट स्ट्रीटला परतली. छपरांवरून रंगीत कागदांच्या पट्ट्या सुटल्या, बँड फुटेस्तोवर वाजला. आजी केव्हाच घरी गेल्या होत्या, भाच्याच्या गाडीने. त्यांच्या दोन्ही खुर्च्या बँकवाल्या मुलाने जिन्याखाली ठेवल्या.

सोमवार

रस्ते धुऊन काढत होते. नॉर्थ एंड सोमवारी सकाळी दहाला बघण्यासारखं असतं: खिडक्यांत उश्या, दारात दुधाच्या क्रेट, आणि कालच्या कागदी पट्ट्या तारांवर अडकलेल्या.

आधी कमर्शियल स्ट्रीटवर खाडीच्या कडेला गेले. इथे एक छोटी हिरवी पाटी आहे, पटकन दिसत नाही. १५ जानेवारी १९१९ला इथली मळीची प्रचंड टाकी फुटली. मळी म्हणजे साखरेची, अल्कोहोल करायला साठवलेली, सुमारे ८७ लाख लिटर. तिची लाट घरांवर आली, २१ माणसं मेली. साखर कारखान्याजवळ राहणाऱ्याला मळी म्हणजे किती चिकट हे सांगायला नको. घोडे त्यातून उठू शकले नाहीत. मरणाऱ्यांत बरेच आयरिश कामगार आणि इटालियन मुलं होती. टाकीखाली गळणारी मळी डब्यात धरायला मुलं येत. आता तिथे मैदान आहे, म्हातारे गृहस्थ बोच्चे खेळतात, म्हणजे लोखंडासारखे जड गोळे टाकण्याचा खेळ. त्याच १९१९च्या उन्हाळ्यात अंतोनीची पहिली मिरवणूक निघाली. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असं मला कोणी सांगितलं नाही. मी मात्र तिथे उभी राहून तोच विचार करत होते.

मग शेवटचं, संत लिओनार्ड. देऊळ रिकामं. कालचा तो नजरेने माणसं हाकलणारा गृहस्थ मेणबत्त्यांची पेटी साफ करत होता. चष्म्याचं विचारलं. तो न बोलता आत गेला आणि बुटांचं एक मोठं खोकं घेऊन आला. हरवलेल्या वस्तू. लहान मुलाचा एक बूट, तीन जपमाळा, छत्र्यांच्या मुठी, एकटं कानातलं, ऐकायचं यंत्र, कोणाच्या तरी दाताची कवळी (खरंच!), आणि चष्मे. एकोणीस चष्मे मी मोजले. माझा नव्हता.

“शनिवारी इथेच बसले होते.”

“तर मग दुसऱ्या कोणी नेला,” तो म्हणाला. “लोक आपला समजून उचलतात. यांतला लावून बघ. कोणी परत येत नाही.”

“असा कसा घ्यायचा? कोणाचा तरी असेल.”

“मेडफर्डला असेल ते,” तो म्हणाला. “किंवा गेले.”

पहिल्यात सगळं धुक्यात. दुसऱ्यात फरशी वर आली. तिसरा जाड काळ्या काड्यांचा, पुरुषी, एका काडीला चिकटपट्टी. लावला आणि समोरच्या मूर्तीखालची पट्टी नीट दिसली. नाव, आडनाव, गाव. दुसरी पट्टी: नाव, आडनाव. मग भिंतीकडे वळले. क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानकं ओळीने. पहिल्यापासून सुरुवात केली, हळूहळू, प्रत्येकापाशी मराठीत म्हणत. चौदाव्याला पोचेपर्यंत तो गृहस्थ दार लावायच्या बेतात उभा होता.

लेकीला चष्मा दाखवला तर ती किंचाळली. “आई, मेलेल्या माणसाचा असेल तो!” असू दे. काचा साबणाने धुतल्यात. डाव्या डोळ्याला नंबर जरा जास्त आहे, थोडी शिरशिरी येते, पण हे सगळं तोच लावून लिहिलंय.